पसंतीचा क्रम

तरसालीच्या आयटीआयचा फॉर्म
पाच पसंती मागतो.
मी पेन्सिलीने लिहिते, खोडते,
कागद तेवढ्या जागी पातळ झालाय,
खालचं टेबल दिसेल इतका.

आई म्हणते, कॉम्प्युटरचा घे.
पंख्याखाली बसायचं, हात मऊ राहतात.
तिचे हात मऊ नाहीत.
नवरात्रीच्या आधी दोन महिने ती चणियांना आरसे लावते,
एका आरशाचा सव्वा रुपया.
सुई टोचली की बोट तोंडात घालून
गुजरातीत शिवी देते.
मराठीत नाही. मराठी देवघराशेजारी बसलेली असते.

पहिला दिवस मकरपुऱ्यात, इलियासभाईंच्या शेडमागे.
त्यांनी काळ्या काचेचा मुखवटा दिला, म्हणाले, बघ.
मी बघितलं.
भर दुपार हिरवी झाली होती
आणि दोन लोखंडं एकमेकांत शिरत होती,
भांडण मिटल्यासारखी.
नाही, तसं नाही.
इलियासभाई सांधा ग्राइंडरने घासतात,
पार आरसा करतात,
आणि तरी अंगठा फिरवून सांगतात, इथे होता.
रात्री डोळ्यांत वाळू भरली.
मुखवटा मी एकदाच काढला होता. एकदाच.
आईने पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या,
बोलली काहीच नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

मग गोत्रीच्या नव्या फ्लॅटमध्ये दक्षाबेन.
भिंतींना रंग नव्हता, जिन्याला कठडा नव्हता,
पाइपात वायर घालायची होती.
मी खालून ढकलत होते, ती वरून ओढत होती,
मध्ये दोन मजले नुसता तिचा आवाज,
'छोड... छोड... अरे पकड!'
म्हणाली, प्लास्टर झालं की आपण गेलो,
लोक दिव्याकडे बघणार.
हे मला फार मोठं वाटलं.
मी वहीत लिहून घेत होते
तोवर तिने चहाचे दहा रुपये मागितले.

जयसिंगमामाकडे मी जाणार नव्हते.
त्याची डावी तर्जनी अर्धीच आहे,
आणि घरात तिच्याबद्दल विचारायचं नसतं.
मी लेथपाशी उभी राहून विचारलं.
त्याने मशीन बंद केलं. चक थांबेपर्यंत थांबला.
'सैल बाही,' म्हणाला.
पुन्हा चालू केलं.
दुधासारखं पाणी धारेवर पडत होतं,
पोलाद सोलून निघत होतं, निळसर, कुरळं,
वाकून बघताना माझी वेणी पुढे आली
तर मामा असा ओरडला
की शेजारच्या दोन मशीनवरची माणसं वळली.

मग वेणीतला एक केस त्यानेच उपटला.
मायक्रोमीटरमध्ये धरला, कानाशी नेल्यासारखा
तीनदा कट्‌कट् वाजवला.
'शून्य पॉइंट शून्य सात.
याच्या निम्म्या चुकीला आम्ही जॉब भंगारात टाकतो.'
दहावीला मला अठ्ठावन्न टक्के होते.
पॉइंटनंतरचं कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.
तो केस मी खिशात ठेवला,
घरी येईपर्यंत हरवला.

आज खिडकीवरचा कारकून म्हणाला,
'बेन, टर्नरला गेल्या वर्षी एकच मुलगी होती,
ती पण गेली.'
कुठे?
'नोकरीला.' आणि त्याने शिक्का शाईत दाबला.

मी बाकावर बसून पेनने लिहिलं.
पहिल्या रकान्यात निब कागद फाडून पलीकडे गेलं,
तरी अक्षरं वाचता येतात.
दुसऱ्यात वायरमन.
तिसऱ्यात वेल्डर, डोळे अजून चुरचुरतात म्हणून तिसऱ्यात.
चौथा मोकळा सोडला.
पाचव्यात, आईसाठी, कॉम्प्युटर.

संध्याकाळी झेरॉक्स तिच्यासमोर धरली.
मांडीवर चणिया, ओठांत सुई,
ती खालून वर वाचत गेली.
वर पोचायला तिला वेळ लागला.
मोकळ्या रकान्यापाशी जरा थांबली,
मग सुई काढून म्हणाली,
तुझे सगळे कुडते आण इकडे,
बाह्या आखूड करायला लागतील.